गाडी खाली करणं वेगळं आणि स्प्रिंग कापणं वेगळं!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका ज्येष्ठ वाचकाचं पत्र आलं होतं. कॉलेज रोडला एक खाली केलेली, म्हणजे उंची कमी करून जमिनीलगत आणलेली गाडी स्पीड ब्रेकरवर पोट टेकवून बसली, मागे रांग लागली, पोरगं उतरून वाकून बघतंय, मागचे हॉर्न मारतायत, असं सगळं काकांनी रंगवून लिहिलं होतं आणि शेवटी मागणी केली होती की असल्या सगळ्या गाड्या सरळ जप्त करा, ही पोरं स्वतःचे मणके मोडतात आणि लोकांचा वेळ खातात. ते पत्र दोन दिवस आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. वडिलांनी चिकटवलं. कारण आमच्या दारात पण एक खाली केलेली गाडी उभी असते आणि ती माझी आहे.

काकांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, अगदी कान धरून मान्य आहे, कारण मी पण तोच गाढवपणा करून बसलो होतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र. लांबलंय जरा, हवी तर काटछाट करा, फक्त आमच्या गॅरेजवाल्याने स्प्रिंगची केली तशी नका करू.

मी अंबड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशिनवर आहे. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड होंडा सिटी घेतली. गाडी मस्त, पण चाक आणि मडगार्डच्या मधली ती चार बोटांची फट मला बघवायची नाही, गाडी कशी उंच टाचांवर उभी असल्यासारखी वाटायची. मित्र म्हणाला मुंबई नाक्याकडे एक जण आहे, तासाभरात खाली करून देतो. गेलो. त्याने गाडी जॅकवर घेतली, शॉकअप काढले, ग्राइंडर मारून पुढच्या स्प्रिंगचे दीड दीड राउंड उडवले, मागचे एक एक, दोन हजार घेतले आणि वर चहा पण पाजला. त्याच आठवड्यात मी १७ इंचाचे अलॉय आणि २०५/४० चे टायर पण टाकून घेतले. पार्किंगमध्ये गाडी अशी दिसायची की काय सांगू, मी तिसऱ्या मजल्यावरून फोटो काढायचो.

मग श्रावणात आईला, मावशीला आणि घरच्यांना घेऊन त्र्यंबकला निघालो. सातपूर ओलांडेपर्यंत आई काही बोलली नाही. महिरावणीपर्यंत तिने हॅन्डल घट्ट धरलेलं. अंजनेरीच्या अलीकडे रस्त्याला एक साधा पॅच होता, खड्डा पण नाही, नुसता डांबराचा ठिगळ, त्यावर मागून असा धाडकन आवाज आला की मावशी म्हणाली, अरे याच्यापेक्षा टांगा बरा. परत येताना आई उशी घेऊन बसली. देवळाबाहेर विकत घेतलेली उशी. ती उशी अजून गाडीत आहे, आता मुलगा झोपतो त्यावर.

तेव्हा मला वाटलं की खाली केली म्हणजे कडक होणारच, स्टाइलची किंमत आहे, सहन करा. काकांना पण तेच वाटतं. हाच मोठा गैरसमज आहे आणि सगळे गॅरेजवाले पण तोच पसरवतात.

मी रोज लोखंडात काम करणारा माणूस, म्हणून एक दिवस बसून हिशोब केला. स्प्रिंगचे चालू राउंड, म्हणजे खरोखर दबणारे वेढे, जितके कमी तितकी ती कडक, सरळ उलटं प्रमाण. माझ्या पुढच्या स्प्रिंगला साडेपाच चालू राउंड होते, दीड कापले, उरले चार, म्हणजे स्प्रिंग ३७ ते ३८ टक्के कडक झाली. ऐकायला भयंकर वाटतं. पण गाडी ज्या ठेक्यात झुलते तो ठेका कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे फक्त १७ टक्क्यांनी. साधी फॅमिली कार सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, आपल्या चालण्याचा ठेका पण त्याच्याच आसपासचा असतो म्हणून ते झुलणं अंगाला खुपत नाही. १.२ चं १.४ झालं तर स्पोर्टी वाटेल, पण मावशीला टांगा आठवावा इतकं नाही. मग तो धाडकन आवाज कुठला?

तो आवाज स्टॉपरचा. शॉकअपच्या दांडीवर एक रबरी नाहीतर फोमचा ठोकळा असतो, बंप स्टॉप म्हणतात त्याला, चाक फारच वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून शेवटचा आधार. स्प्रिंग कापली की गाडी खाली बसते, पण शॉकअप तोच, स्टॉपर तोच, म्हणजे दांडी आधीच निम्मी आत गेलेली असते आणि स्टॉपरपर्यंत जेमतेम बोटभर जागा उरते. त्यात मागे तीन बायका आणि डिकीत दोन पिशव्या. गाडी स्प्रिंगवर चाललीच नव्हती हो, ती त्र्यंबकपर्यंत चार रबरी ठोकळ्यांवर नाचत गेली. ठोकळा स्प्रिंगपेक्षा किती तरी कडक, त्यामुळे झुलण्याचा ठेका एकदम वर उडी मारतो आणि सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातले उभे हादरे तर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त बोचतात. कंबर धरते ती इथे.

बाकीचे भोग वेगळेच. कापलेल्या स्प्रिंगचं तोंड बैठकीत नीट बसत नाही, गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग सैल होऊन खुळखुळते, एखाद्या खड्ड्यात चाक लटकलं तर जागेवरून सरकू पण शकते, हे तर सरळ जिवावरचं आहे. काही जण ग्राइंडर पण नाही, गॅस कटर लावतात, त्याने स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ती बसतच जाते. जुना शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाचा, नव्या कडकपणाला तो आवरू शकत नाही, एक दणका बसला की गाडी दोन तीनदा वरखाली. आणि टायर. कंपनीचा १७५/६५ आर १५, त्याची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, १७५ च्या ६५ टक्के म्हणजे ११४ मिमी. मी टाकलेल्या २०५/४० ची ८२ मिमी. बत्तीस मिलिमीटर हवेची गादी मी पैसे देऊन काढून टाकली होती! आणि वर स्प्रिंगला शिव्या देत होतो.

अजून एक, हे फार कमी जणांना माहिती असतं. खाली केली की गाडी वळणावर जमिनीला चिकटते असं सगळे म्हणतात. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, आणि खालून चाकाला धरणारा एक आडवा हात, तो लोअर आर्म. त्यात गाडी खूप खाली गेली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाकडे वर चढलेला होतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडीला कलायला जास्त जोर मिळतो. म्हणजे प्रमाणाबाहेर खाली केली तर स्प्रिंग कडक होऊनही कसाऱ्याच्या वळणावर हवा तितका फायदा मिळत नाही, कधी कधी उलट जास्त कलते. म्हणून दीड इंचाच्या पुढे जाऊ नये असं माझं मत, आणि आपल्या रस्त्यांवर एक इंच म्हणजे २५ मिमी भरपूर झालं. फट जाते, डोळ्याला बरं वाटतं, विषय संपला.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण काकांना हेच सांगायचंय की खाली आणि आरामशीर दोन्ही एकत्र होतं. आधी कापलेल्या स्प्रिंग भंगारात दिल्या. विकायचा प्रयत्न नाही केला, दुसऱ्याच्या आईला त्रास नको. मूळ गाडीपेक्षा २५ मिमी खाली बसणाऱ्या तयार लोअरिंग स्प्रिंग घेतल्या, त्यांचे राउंड वर दाट आणि खाली विरळ असतात, म्हणजे छोट्या दणक्याला मऊ आणि दाबत गेलं की कडक. तारेची जाडी पण महत्त्वाची, कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, तार १० टक्के जाड झाली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक, त्यामुळे कोणी लोकल जाड तारेची वळवून देतो म्हणाला तर दोनदा विचार करा. त्याच मापाचे कमी लांबीचे शॉकअप घेतले आणि स्टॉपर फोमचे, आखूड, जे हळूहळू दाबले जातात. खरा खर्च इथे आहे. सगळं धरून पन्नास हजाराच्या आसपास गेले आणि घरी मी चाळीस सांगितलेत, तेव्हा पत्रात माझं नाव छापू नका.

टायर १९५/५० आर १६ वर आणले. साइडवॉल ९७ मिमीच्या वर, दिसायला पण बरे, बाहेरचा व्यास कंपनीच्या टायरपेक्षा फक्त ७ मिमी कमी त्यामुळे स्पीडोमीटर पण फार खोटं बोलत नाही. हवा गार टायरमध्ये, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याला धरून. आपल्याकडे पंपावरचा पोरगा विचारतो किती टाकू आणि आपण म्हणतो टाक पस्तीस, ते बंद केलं.

आणि एवढं करून पण गाडी पहिले आठ दिवस कडकच! माझं डोकं फिरलं. मग आमच्या वर्कशॉपमधले एक जुने फिटर, त्यांनी तरुणपणी इथल्याच रॅलीच्या गाड्यांवर काम केलंय (नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे, नव्या पोरांना माहिती नसतं), त्यांनी एकच प्रश्न विचारला, आर्मचे बोल्ट कुठे आवळले? म्हटलं जॅकवरच. म्हणाले सगळे सैल कर, गाडी चाकांवर जमिनीला उभी कर, दोन माणसं बसव आणि मग आवळ. कारण लोअर आर्मचा बुश म्हणजे आत बाहेर लोखंड आणि मधे चिकटवलेलं रबर, चाक लटकत असताना आवळला तर गाडी खाली उतरवल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं, फुकटची एक स्प्रिंग तयार होते आणि बुश पण लवकर फाटतो. शनिवारी दुपारी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर गाडी घेऊन ते केलं. खरं सांगतो, सगळ्या खर्चातला सगळ्यात मोठा फरक त्या फुकटच्या कामाने पडला, बहुतेक गॅरेजमध्ये हे कोणी करत नाही कारण गाडीखाली झोपून पाना फिरवायचा कंटाळा.

त्यांनीच अजून एक शिकवलं. शॉकअपचं धूळकव्हर वर सरकवून दांडीला प्लॅस्टिकचा केबल टाय बांधायचा, आठवडाभर गाडी चालवायची आणि बघायचं टाय कुठपर्यंत ढकलला गेलाय. अंबड ते गंगापूर रोड, एकदा पेठ रोड, एकदा पाच माणसं घेऊन सोमेश्वर. टाय रोज स्टॉपरला जाऊन टेकत असेल तर गाडी जास्त खाली आहे, भांडण नको, पुरावा समोर आहे. माझा दीड बोट अलीकडे थांबला.

मागचं पुढचं प्रमाण पण बघावं लागतं. पोरं फक्त पुढून खाली करतात, नाक खाली शेपूट वर. मॉरिस ऑली नावाचे एक इंजिनिअर होते, त्यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना दाखवून दिलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेक्याने झुलली पाहिजे, कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागच्याला नंतर, मागची बाजू थोडी चपळ असेल तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट बसते. नुसती पुढची बाजू कडक केली की हे उलटं होतं आणि गाडी घोड्यासारखी मान हलवत राहते. समृद्धीवर जाऊन बघा, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला उघडला तेव्हापासून आम्ही मुंबईला तिकडूनच जातो, काँक्रीटच्या जोडांवर चुकीची गाडी टकटक करत डुलते आणि मागच्या सीटवरच्या पोरांना उलट्या.

आता काकांच्या स्पीड ब्रेकरकडे येतो. इथे मात्र माझं भांडण आहे.

ब्रेकर कसा असावा याचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ म्हणून मानक आहे, त्यात ताशी २५ किमी वेगासाठीचा गोल उंचवटा गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितलाय. ३.७ मीटर म्हणजे बारा फूट! तुम्ही पाहिलाय का आपल्या कॉलनीत बारा फूट रुंद ब्रेकर? आता गणित बघा, सिटीच्या दोन चाकांमधलं अंतर २६०० मिमी. पुढचं चाक उतरतंय, मागचं चढतंय, पोट बरोबर मध्यावर, त्या क्षणी १७ मीटर त्रिज्येचा तो उंचवटा दोन चाकांच्या मधे किती वर येतो? फक्त ५० मिमी. माझ्या गाडीचा कंपनीचा क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमिनीतलं अंतर, १६५ मिमी, मी २५ कमी केला, राहिले १४०. पाच माणसं बसली की माझ्या मोजणीत पोट अजून ३०-३५ मिमी खाली जातं, म्हणजे १०५ राहिले. पन्नास लागतात, एकशेपाच आहेत. सावकाश गेलं तर खाली केलेली, भरलेली गाडी नियमाच्या ब्रेकरवर दोन इंच हवा ठेवून पार होते.

मग अडकते कुठे? आमच्या गल्लीतला ब्रेकर मी टेप घेऊन मोजला. रुंदी चौदा इंच. उंची सहा इंच म्हणजे १५० मिमी. हा भिंतीचा तुकडा झाला, ब्रेकर नाही. याच्यावर कंपनीतून आली तशी भरलेली सिटी पण घासते, शेजारच्यांची हॅचबॅक घासते, रिक्षावाले शिव्या घालत तिरके काढतात आणि ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटचं काय होत असेल ते बोलायलाच नको. मी कोणाला दोष देत नाही कारण हा ब्रेकर आम्हीच टाकलाय. गल्लीत पोरं खेळतात म्हणून मीटिंग झाली, घरटी दोनशे रुपये काढले, एका बांधकामावरून माल आणला आणि रविवारी रात्री ओतला. माझे पण दोनशे आहेत त्यात. ना पांढरे पट्टे ना पाटी, पहिल्याच आठवड्यात दुधवाला पडला.

कायद्याचं पण सांगतो कारण नंतर कोणी म्हणायला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तेव्हा हात लावायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, मी स्प्रिंग कापताना यातलं काहीच केलं नव्हतं, दुसऱ्यांदा केलं. टायरचा आकार बदलायचा तरी विचारूनच.

सिंहस्थ २०२७ ला आहे, त्याच्या कामांनी निम्मं शहर उकरलेलं आहे, रस्ते नव्याने होतायत. होतायतच तर त्यांच्यावरचे ब्रेकर तरी बारा फुटांचे करा एवढी विनंती, सोबत आमच्या गल्लीतला चौदा इंची तोडायला यायचं असेल तर मी घण घेऊन उभा राहतो, दोनशे रुपये परत नकोत. आणि आपल्या पेपरने एखादा वार्ताहर टेप देऊन पाठवला तर कुठल्या रस्त्यावर किती उंचीचा ब्रेकर आहे याचा तक्ताच होईल, मोजायला दोन मिनिटं लागतात, एक सरळ पट्टी आणि एक टेप.

काकांना माझा निरोप द्या. रविवारी सकाळी गाडी रिकामीच असते, मिसळ खायला मखमलाबादकडे जाऊ, त्यांना मागच्या सीटवर बसवतो, उशीशिवाय.

आपला,
एक वाचक, अंबड, नाशिक

ता. क. – मागे माणसं बसली की नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, डॅशबोर्डवर उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं बऱ्याच गाड्यांना, त्याचा आकडा वाढवा म्हणजे लाइट खाली येतो. उंची बदलली असेल तर लाइट आणि चाकांची अलाइनमेंट दोन्ही परत लावून घ्या, आणि अलाइनमेंट स्प्रिंग टाकल्या दिवशी नको, आठवडाभर गाडी बसू द्या मग करा, नाहीतर मी केली तशी दोनदा करावी लागेल.